पाटीवरचा आकडा आणि त्यामागची नावे

गेल्या अंकात गावोगावच्या युद्धस्मारकांवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्या प्रश्नांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात, तेवढे घेतलेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात हवालदार कारकून होतो. बंदुकीपेक्षा रजिस्टरं जास्त हाताळली. त्यामुळे शौर्यगाथा हव्या असतील तर दुसरं पान उघडा. इथे नोंदींचं बोलणं आहे.

प्रश्न : हवालदार काका, रामराम. आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत लिहिलंय की १९१४-१९१९ च्या महायुद्धाला या गावातून ६३ माणसं गेली आणि त्यांतली ९ कामी आली. नाव एकाचंही नाही. आता चावडी पाडून तिथे नवं शहीद स्मारक बांधायचं ठरतंय. ठेकेदार म्हणतो, जुनी पाटी पिवळी पडली आहे, अक्षरंही उडाली आहेत, टाकून द्या, नवी ग्रॅनाइटची करू. काय करावं? आणि त्या नऊ जणांची नावं मिळतील का?
*— एक उपसरपंच, सातारा जिल्हा*

रामराम. ठेकेदाराला आधी चहा पाजा आणि घरी पाठवा.

पाटी काढायची नाही. भिंत पाडावीच लागणार असेल, तर पहार घालून पाटी उचकटू नका. तिच्या चारी बाजूंची भिंत सोडवत या आणि मागच्या चुन्यासकट ती अलगद काढा. जुन्या चावड्या चुन्यात बांधलेल्या असतात आणि चुना सुटतो. नंतर हीच पाटी सिमेंटात चेपून बसवली, तर पुढच्या वेळी ती फुटल्याशिवाय निघणार नाही. म्हणून परत बसवतानाही चुनाच वापरा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी तालुक्यात एखादा तरी सापडतो, जुन्या देवळांची डागडुजी करणाऱ्यांकडे विचारा.

पिवळेपणा घालवायला कुणी ॲसिड आणलं तर त्याचा हात धरा. संगमरवर आम्लात विरघळतो. फरशी धुण्याचं ॲसिड एकदा फिरलं की अक्षरांच्या कडा गेल्याच म्हणून समजा. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. ऑइलपेंटने अक्षरं भरायचा उत्साहही आवरा. पाट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ऊन-पावसाने झिजलेल्या पाटीपेक्षा रंगवून 'सुधारलेली' पाटी वाचायला जास्त त्रास देते, कारण रंगाऱ्याला इंग्रजी येत नसतं आणि तो आठाचा तीन करतो.

अक्षरं उडालेली वाटत असतील तर अंधार पडल्यावर जा आणि टॉर्च पाटीच्या अगदी कडेला, भिंतीला लावून धरा. उजेड आडवा पडला की खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि दिवसा न दिसणारं दिसतं. तेव्हाच फोटो काढा. ६३ आणि ९ हे आकडे अशा उजेडात पुन्हा वाचून मला कळवा.

आता नावं. मिळतील, बहुतेक मिळतील. पण बसून काम करावं लागेल.

युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी एक संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. तिची यादी तिच्या संकेतस्थळावर आहे, शोधायला पैसे लागत नाहीत. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत वारलेला माणूस त्यात येतो. नावापुढे पलटण, नंबर, तारीख असते. आणि बऱ्याच हिंदी शिपायांच्या बाबतीत 'अधिक माहिती'च्या रकान्यात बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. तुमचं काम त्या रकान्याशी आहे. आडनावाने शोधायला लागाल तर जाधवांच्या जंगलात हरवाल. गावाच्या नावाने शोधा.

गोम स्पेलिंगमध्ये आहे. भरती करणाऱ्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं. जाधवचा 'जाधाओ' होतो, पवारचा 'पोवार'. गावाच्या नावाचं तर काही विचारू नका. तुमच्या गावाचं नाव रोमन लिपीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हा आधी कागदावर मांडा, गावातल्या पोरांना कामाला लावा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. आम्ही ऑफिसात असंच करायचो, कारण एकाच माणसाचे डोळे तासाभरात खोटं बोलायला लागतात.

आणि शोध फक्त मराठा पलटणींपुरता ठेवू नका. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी सगळ्यांना ठाऊक असतात. पण साताऱ्याचा माणूस खडकीच्या सॅपर्समध्येही, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या पलटणीतही होता, पायोनियर पलटणींत होता, खेचरं हाकायला होता, हमाल आणि मजूर दलात होता. १९१७ मध्ये महारांची स्वतंत्र १११ वी पलटण उभी राहिली, ती पाहा. कोकणातल्या वाचकांनी जहाजांवरचे खलाशी विसरू नयेत. समुद्रातच गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

नाव सापडलं, आता ते घर कोणतं? तहसील कचेरीतल्या जुन्या दप्तरात गाव नमुना १४ मागा, म्हणजे आपलं कोतवाल बुक. परदेशात मेलेल्याची मृत्यूची नोंद त्यात सापडण्याची आशा धरू नका. पण जन्माच्या नोंदीत बापाचं नाव असतं. कमिशनच्या यादीतलं बापाचं नाव आणि कोतवाल बुकातलं नाव जुळलं की घर सापडलं. मग त्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा. आधी विचारू नका. आधी विचारलंत तर प्रत्येक भावकीला आपला एकेक माणूस इराकातल्या बसऱ्याला गेलेला आठवतो.

नऊपैकी सहाच सापडले तर सहाच कोरा आणि खाली तीन ओळींची जागा सोडा. आकडा जुळवण्यासाठी नावं घालणार असाल तर जुनी पाटीच बरी.

प्रश्न : महायुद्ध १९१८ ला संपलं असं शाळेत शिकलो. मग पाट्यांवर १९१९ का?
*— एक शिक्षिका, रत्नागिरी*

११ नोव्हेंबर १९१८ ला बंदुका थांबल्या, तो युद्धविराम होता. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला. पाट्या करणाऱ्यांनी तह धरला. शिवाय आपली माणसं नोव्हेंबरात घरी आली असं कुठे झालं? इराकात फौज पुढेही राहिली आणि माणसं मरतही राहिली.

प्रश्न : पणजोबा बसऱ्याकडे वारले असं घरात सांगतात. दिल्लीला सहल गेली तेव्हा इंडिया गेटवर त्यांचं नाव शोधलं, सापडलं नाही. म्हणजे ते युद्धात गेले नव्हते की काय? घरात एक जड, तपकिरी गोल थाळी आहे. त्यावर एक बाई, सिंह आणि इंग्रजी अक्षरं आहेत. आजी ती देव्हाऱ्यामागे ठेवायची. भंगारवाला बाराशे रुपये देतो म्हणाला.
*— एक वाचक, खेड तालुका*

भंगारवाल्याला देऊ नका. मी एवढंच लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण थाळीत तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

इंडिया गेटची कोनशिला १९२१ ची, उद्घाटन १९३१ चं. सत्तर हजारांहून अधिक हिंदी सैनिकांचं ते स्मारक खरं, पण कोरलेली नावं आहेत साधारण तेरा हजार. ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. बसऱ्याचा माणूस तिथे सापडत नाही म्हणून तुमच्यासारखे कितीतरी जण हिरमुसून परततात.

इराकच्या मोहिमेत ज्यांची कबर ठाऊक नाही, त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. १९२९ मध्ये उभं राहिलेलं, चाळीस हजारांवर माणसांचं. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा घातला. नावं माहीत नव्हती असं नाही. ती कागदावर होती, म्हणून तर आज कमिशनच्या यादीत सापडतात. फक्त दगडावर घेतली नाहीत. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्या चौकशीचा अहवाल काढला, हा भेदभाव झाला हे कबूल केलं आणि माफी मागितली. ते स्मारकही १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीत मूळ जागेवरून उचलून वाळवंटात, नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवलंय.

मला याचा राग दुसऱ्याच कारणाने येतो. आपल्या कोरेगाव भीमाचा स्तंभ कंपनी सरकारने १८२१ नंतर उभारला. त्यावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत, नुसती गोऱ्या अधिकाऱ्यांची नाहीत. २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. नावं कोरणं इंग्रजांना तेव्हा जमत होतं. शंभर वर्षांनी दगड महाग झाला होता काय?

आता थाळी. ती पितळेची नाही, ब्राँझची आहे. मोजून पाहा, १२ सेंटिमीटर भरेल. महायुद्धात वारलेल्या प्रत्येकाच्या जवळच्या नातेवाइकाला इंग्लंडच्या राजाकडून ती येत असे. बाई म्हणजे ब्रिटानिया, आपल्या भारतमातेसारखी ब्रिटनची प्रतिमा. कडेने लिहिलंय की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न तुमच्या पणजीला पडला असेलच. आणि ब्रिटानियाच्या बाजूला एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव असतं. नुसतं नाव, हुद्दा नाही. जनरल असो की शिपाई, चौकट सारखीच, असं मुद्दाम ठरवलं होतं. बसऱ्याच्या दगडाने तुमच्या पणजोबांचा आकडा केला, पण या थाळीवर त्यांचं नाव आहे. तेच स्पेलिंग घेऊन कमिशनच्या यादीत शोधा. तुमचं काम उपसरपंचांपेक्षा सोपं आहे.

आणि चिंच-लिंबू लावून ती घासू नका. तो तपकिरी रंगच तिचं कवच आहे. कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि देव्हाऱ्यामागून पुढे आणा.

प्रश्न : हे सगळे इंग्रजांसाठी पोटापाण्याला लढले. यांना स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांच्या रांगेत का बसवायचं? आमच्या ग्रामसभेत यावरून भांडण झालं.
*— एक तरुण वाचक, सांगली*

पोटापाण्यासाठी गेले, बरोबर. १९१४ ला शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये होता. माण-खटावच्या पावसाचा भरवसा किती, हे तुम्हाला सांगलीत बसून कळत असेल. पगारासाठी सैन्यात जाणं ही नामुष्की असेल, तर माझं नाव पहिलं काढा. मी घरी मनीऑर्डर पाठवता यावी म्हणूनच भरती झालो.

आणि त्या काळातही हा प्रश्न तुमच्याइतकाच तापलेला होता. १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट करत होते. टिळकांचं म्हणणं, माणसं देऊ, पण हक्कांचं काय ते बोला. जून १९१८ च्या मुंबईतल्या युद्धपरिषदेत ते हेच बोलायला लागले, तर गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं. तेव्हाच्या पुढाऱ्यांना जे सरळ सुटलं नाही, ते आटपाडीच्या अठरा वर्षांच्या पोराने भरतीच्या रांगेत उभं राहून सोडवायला हवं होतं, असं म्हणणं मला जड जातं.

पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते रचनेत दाखवता येतं. दोन वेगळे दगड करा. एकावर १९१४-१९ आणि १९३९-४५. दुसऱ्यावर १९४७ पासून पुढचे. दिल्लीतही तेच आहे. इंडिया गेट वेगळं आणि २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलेलं राष्ट्रीय युद्ध स्मारक वेगळं. तिथे स्वातंत्र्यानंतर पडलेल्यांची पंचवीस हजारांहून अधिक नावं ग्रॅनाइटच्या विटांवर आहेत. पहिल्या दगडावर 'हुतात्मा' शब्द नको असेल तर घालू नका. 'या गावातून गेले, परत आले नाहीत' एवढं लिहिलं तरी त्यावर दोन्ही पक्षांना सही करता येईल.

प्रश्न : नावांचा क्रम कसा लावावा? दोन भावक्यांत वाद आहे. हुद्द्याने लावा म्हणणारे सुभेदाराच्या घरचे आहेत.
*— ग्रामपंचायत सदस्य, पुणे जिल्हा*

अर्थात, तेच म्हणणार. मृत्यूच्या तारखेने लावा. तारखेला भावकी नसते आणि ती कुणाला बदलता येत नाही. अकारविल्हे लावलीत तर आडनावं एकत्र येतात आणि दगडावर पुन्हा भावकीवार गल्ल्या होतात. नावाआधी हुद्दा लिहा, त्याला हरकत नाही. पण अक्षरांचा आकार सगळ्यांना सारखा. देणगीदारांची नावं याच दगडावर येणार नाहीत, हा ठराव आत्ताच ग्रामसभेत करून घ्या. देणग्या आल्यावर तो होणार नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ लडाखमध्ये ड्यूटीवर असताना गाडी दरीत कोसळून गेला. गावच्या स्मारकावर नाव घाला म्हटलं तर पंचायतीतले म्हणतात, तो लढाईत गेला नाही, अपघात झाला. वहिनी काही बोलत नाही, पण १५ ऑगस्टला स्मारकाकडे यायची थांबली आहे.
*— एक वाचक, कराड तालुका*

दादा, सैन्याच्या कागदात दोन रकाने असतात, बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी. ढोबळमानाने पहिला लढाईचा, दुसरा अपघात-आजाराचा. पेन्शन आणि मदतीची रक्कम ठरवायला ते लागतात. मी ते वर्षानुवर्षं भरले आहेत. तुमच्या वहिनींच्या पेन्शनबद्दल काही अडलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, भावाच्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता आणि त्याचा नंबर सोबत ठेवा. ते काम वेगळं आणि गावचा दगड वेगळा. दगडाला हे रकाने लावा असं सैन्याने कुठल्याही गावाला सांगितलेलं नाही.

पंचायतीला जुना हिशोब दाखवा. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, हा आकडा सगळे अभिमानाने सांगतात. गावोगावच्या पाट्यांवर असेच आकडे आहेत. हे सगळे गोळी लागून मेले असं कुणाला वाटत असेल, तर इराकच्या मोहिमेचं वाचावं. उन्हाने, पटकीने, हगवणीने पलटणीच्या पलटणी झिजल्या. इराकातल्या कुट गावाला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी खायला उरलं नाही, ताज्या भाजीपाल्यावाचून शिपायांना स्कर्व्ही झाला, हिरड्या सडल्या. शरणागतीनंतर कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेले, त्यात वाटेवर पडले ते वेगळेच. कमिशनच्या यादीत हे सगळे आहेत. इस्पितळात तापाने गेलेला आहे, बोट उलटून बुडालेला आहे. मी पाहिलेल्या पाट्यांपैकी एकीवरही 'यांतले लढाईत इतके आणि आजाराने इतके' अशी फोड नव्हती. गावातून गेला, परत आला नाही, एवढंच धरलेलं.

म्हणजे तुमच्या भावासारख्यांना शंभर वर्षांपूर्वीच मोजून झालंय. आता नियम बदलायचा असेल तर पंचायतीने आधी जुन्या पाटीतले आकडे कमी करून दाखवावेत.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला अर्ज द्या. अर्ज लेखी हवा, त्यावर पोच घ्या. सोबत युनिटकडून आलेल्या मृत्यूच्या पत्राची प्रत जोडा. दगडावर काय लिहायचं तेही अर्जातच लिहून द्या, म्हणजे शब्दांवरून वाद नको. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, तारीख, आणि पुढे 'लडाख, कर्तव्यावर असताना'. 'शहीद' लिहा किंवा लिहू नका, त्यावर अडून बसू नका. अर्जावर सही तुमची नको, वहिनींची घ्या. पोच मिळाली की मला एक कार्ड टाका, पुढच्या महिन्यात मी तिकडेच यायचा आहे, तुमच्या सरपंचांना भेटून जाईन.